गरिबांची आवृत्ति

वस्तु स्वस्त विकावयाची तर तींतील माल कमी करावा, हा बाजाराचा जुना रिवाज आहे. विणकर सूत विरळ घालतो व लुगडें कमी दामांत देतो. त्यांत अन्याय नाहीं, कारण वांचलेलें सूत त्याच्यापाशीं शिल्लक राहतें. परंतु जेथें कांहींच शिल्लक राहत नाहीं, उलट वस्तु उणी करण्यासाठींच जास्त मेहनत घ्यावी लागते, तेथें स्वस्ताईचा अर्थ काय समजावयाचा? संगणकाच्या अलीकडील इतिहासांत हा प्रश्न उभा राहिला आहे, आणि त्याचा संबंध मुंबई-पुण्यापेक्षां आमच्या साक्रीसारख्या तालुक्याच्या गांवाशीं अधिक जवळचा आहे.

कथेचा आरंभ थायलंडांत होतो. तेथील सरकारनें २००३ सालीं सामान्य जनांसाठीं अल्पमोली संगणकाची योजना काढली व त्यांत लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली, जिला व्यवहारांत ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, घालण्याचा मार्ग धरला. गिऱ्हाईक हातचें जातें असें दिसतांच मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपली किंमत उतरविली. आणि २००४ सालीं 'विंडोज एक्सपी स्टार्टर' नांवाची आवृत्ति आशियांतील कांहीं देशांसाठीं निघाली. २००५ मध्यें ती भारतांत आली, तीही प्रथम हिंदींत. आमच्या भागांत घरीं अहिराणी आणि शाळेंत मराठी. तेव्हां नवशिक्याच्या सोयीसाठीं म्हणून आलेली ही तिसरी भाषा कोणाच्या सोयीची होती, हें वाचकांनींच ठरवावें.

या आवृत्तींत एका वेळीं तीनच प्रोग्रॅम चालत, आणि प्रत्येकाच्या तीनच खिडक्या उघडत. चौथा प्रोग्रॅम उघडूं जातां यंत्र नकार देई. घरांतील निरनिराळ्या माणसांस निराळीं खातीं करून देण्याची सोय तींत नव्हती. शेजारच्या संगणकाशीं जोडून छपाईचें यंत्र दोघांनीं वापरण्याचीही नव्हती. आतां कांद्याच्या एखाद्या व्यापाऱ्याची कल्पना करावी. एकीकडे बाजारभाव पाहावयाचे, दुसरीकडे हिशेबाचा तक्ता, तिसरीकडे अडत्यास पत्र. इतक्यांत बेरीज ताडून पाहण्यास गणनयंत्र उघडूं म्हटलें, तर आधीं कांहीं तरी मिटलें पाहिजे. नवशिक्या गोंधळूं नये म्हणून ही मर्यादा, असें समर्थन करण्यांत आलें. पण नवशिका सहा महिन्यांनीं नवशिका राहत नाहीं! महाराष्ट्रांत एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत निघाले होते. तेथें शिकून तयार झालेल्या मुलास घरचें यंत्र मात्र कायमचें पहिल्या इयत्तेंत बसवून ठेवी.

कंपनीची बाजू अगदींच पोकळ होती असें आम्ही म्हणत नाहीं. नकलून घातलेल्या आवृत्त्यांचा त्या काळीं सुळसुळाट होता, आणि थोडक्या दामांत कायदेशीर वस्तु मिळावी हा हेतु वाईट नव्हे. परंतु परिणाम विपरीत झाला: नकल करणाऱ्यास संपूर्ण वस्तु मिळे, आणि प्रामाणिकपणें दाम मोजणाऱ्यास तीन प्रोग्रॅम.

पुढें २००९ च्या ऑक्टोबरांत 'विंडोज ७ स्टार्टर' आली, ती नेटबुक नांवाच्या चिमुकल्या संगणकांसाठीं. तीन प्रोग्रॅमांचा नियम तिलाही लागावयाचा होता, पण ती निघण्यापूर्वींच तो मागें घेण्यांत आला. त्याच्या जागीं ज्या मर्यादा राहिल्या त्या अधिक बोलक्या आहेत. रॅम दोन गिगाबाइटांपुढें चालत नसे. आणि पडद्यावरचें चित्र बदलण्याचीही परवानगी नव्हती. चित्र बदलण्यास कंपनीस कोणता खर्च येतो? याचें उत्तर त्याच यंत्रांत होतें. जास्त पैसे भरून एक सांकेतिक अंक विकत घेतला, कीं थोड्याच मिनिटांत तेंच यंत्र वरच्या आवृत्तीचें होई. नवी तबकडी लागत नसे. म्हणजे माल पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्याच घरांत पडून होता. विकत मिळत होती ती किल्ली.

साक्रीस आगगाडी नाहीं. तरी तिसऱ्या वर्गाचा डबा वडील मंडळींच्या स्मरणांत असेलच, कारण तो वर्ग आपल्याकडे १९७४ पर्यंत टिकला. त्या वर्गाविषयीं फ्रान्सांतील ड्युपुई नांवाच्या इंजिनिअरनें १८४९ मध्येंच एक मार्मिक गोष्ट लिहून ठेविली आहे. तिसऱ्या वर्गाच्या डब्यास छप्पर नसे, तें छपराचे पैसे वांचविण्यासाठीं नव्हे. दुसऱ्या वर्गाचें भाडें ज्यास परवडतें त्यानें तिसऱ्यांत बसूं नये, म्हणून. गरिबास भिजविण्यांत कोणाचें वैर नव्हतें. धाक श्रीमंतास घालावयाचा होता. भिजला मात्र गरीब.

भारतांत याच सुमारास, २००७ सालीं, सी-डॅक या सरकारी संस्थेनें लिनक्सवर आधारलेली 'बॉस' ही प्रणाली काढली. तींत भारतीय भाषा होत्या, किंमत नव्हती व प्रोग्रॅमांची मोजदादही नव्हती. पण दुकानदार जें घालून देईल तें गिऱ्हाईक वापरतें; 'बॉस' दुकानांत फारशी पोंचलीच नाहीं.

'स्टार्टर' चा सांभाळ कंपनीनें १४ जानेवारी २०२० रोजीं थांबविला. मात्र २०१७ मध्येंच तिचें एक भावंड जन्मलें होतें. आज 'एस मोड' या नांवानें तें ओळखलें जातें, व त्यांत कंपनीच्या स्वतःच्या दुकानांतीलच प्रोग्रॅम चालतात. त्यांतून बाहेर पडण्यास पैसे पडत नाहींत.