विद्यार्थी समुपदेशन, विद्यापीठीय

विद्यापीठात वा महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यास अभ्यास, व्यवसायनिवड, कौटुंबिक संबंध व मानसिक ताण यांबाबत प्रशिक्षित व्यक्तीकडून मिळणारे गोपनीय साहाय्य. समुपदेशक उपदेश करीत नाही, औषधेही देत नाही. विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेऊन त्याला स्वतःचा निर्णय घेण्यास समर्थ करणे व गरज भासल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविणे, हे त्याचे कार्य होय.

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात स्ट्यूअर्ट पेटन यांनी १९१० मध्ये सुरू केलेली सेवा ही या प्रकारची पहिली मानली जाते. महाराष्ट्रात आरंभ दोन वेगळ्या दिशांनी झाला. मुंबईच्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने (सध्याची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र काढले. तर मुंबई सरकारने १९५० मध्ये व्यवसाय मार्गदर्शन कार्यालय स्थापिले. पहिल्याचा विषय बालकाचे मन, दुसऱ्याचा तरुणाची नोकरी. तरुणाचे मन या दोहोंच्या मध्ये राहून गेले.

ही उणीव दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) ओळखली व दर १,००० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा, अशी शिफारस केली. ती बहुतांशी कागदावरच राहिली. विद्यार्थी कल्याण म्हणजे क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन व शिष्यवृत्ती, ही समजूत त्यास बऱ्याच अंशी कारणीभूत झाली असावी. टाटा संस्थेने २०१२ मध्ये सुरू केलेल्या ‘आयकॉल’ या दूरध्वनी सेवेमुळे शहराबाहेरील तरुणांनाही प्रशिक्षित समुपदेशकाशी बोलणे शक्य झाले. २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्रातील संख्या (१,७६४) सर्वाधिक होती. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा, असा निर्देश दिला. शिफारशीस बंधनाचे रूप येण्यास सु. साठ वर्षे लागली.

मराठवाड्यात या प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव प्राचीन ‘तगर’ म्हणून व संत गोरा कुंभार यांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. अशा गावांतून विद्यापीठाच्या धाराशिव येथील उपकेंद्रात वा छत्रपती संभाजीनगर येथे जाणारे अनेक विद्यार्थी घरातील पहिलेच पदवीधर ठरतात. अपयशाची लाज, इंग्रजीचे दडपण व शिक्षणासाठी काढलेले कर्ज त्यांच्या वाट्यास एकदमच येते. ते घरी सांगावे, तर घर आधीच शेतीच्या चिंतेत असते. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये शासनाने सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात या जिल्ह्याचा समावेश होता. त्यात आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन नैराश्याची लक्षणे विचारीत. त्यामुळे येथील काही घरांत समुपदेशन प्रथम पोहोचले ते मुलाच्या महाविद्यालयामार्फत नव्हे, तर बापाच्या शेतीमुळे.

लहान महाविद्यालयांत हे काम पुष्कळदा एखाद्या प्राध्यापकाकडे सोपविले जाते. अंतर्गत गुण देणाऱ्या व्यक्तीपुढे विद्यार्थी मन मोकळे करील, ही अपेक्षा अवास्तव होय. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने मानसिक आजाराच्या उपचारांतील गोपनीयतेस हक्काचे स्थान दिले आहे; महाविद्यालयीन समुपदेशनातही ती पाळावयाची, तर समुपदेशकाचे पद अध्यापनापासून वेगळे ठेवावे लागते.