माहेर टेलिफोनचं

इंटरनेटवरचा रेडिओ घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची ज्यांना खोड आहे, त्यांना ‘लूपबॅक’ सांगावा लागत नाही. ऑडॅसिटी हा प्रोग्राम उघडायचा, विंडोजची ‘वासापी’ ही वाट निवडायची, रेकॉर्डिंगच्या यादीतून नावापुढे ‘लूपबॅक’ असलेला स्पीकर धरायचा आणि तांबडं बटण दाबायचं. स्पीकरला जे पोचतं तेच फाइलमध्ये उतरतं. मध्ये माइक नाही, त्यामुळे पंख्याची घरघर आणि स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्ट्याही नाहीत. आकाशवाणीची केंद्रं ‘न्यूज ऑन एअर’वर ऐकू येऊ लागल्यापासून दूरदेशी राहणाऱ्या मराठी माणसालाही ही वाट उपयोगाची झाली आहे. तिथल्या मध्यरात्री इथली सकाळची सभा सुरू असते. रेकॉर्डिंग लावून झोपता येतं.

ही सोय कोणासाठी केली असेल? गाणी जमवणाऱ्यांसाठी, असंच कोणीही म्हणेल. मायक्रोसॉफ्टने प्रोग्रामरांसाठी लिहिलेल्या दस्तऐवजात मात्र वेगळंच आहे. लूपबॅक दिला आहे तो मुख्यतः प्रतिध्वनी काढून टाकायला मदत व्हावी म्हणून, असं तिथे स्वच्छ म्हटलंय. म्हणजे फोनसाठी! कॉम्प्युटरवरून बोलताना समोरच्याचा आवाज तुमच्या स्पीकरमधून निघतो, तुमच्याच माइकमध्ये शिरतो आणि त्याच्याकडे परत जातो. त्याला स्वतःचंच बोलणं पुन्हा ऐकू येतं. ते थांबवायचं तर माइकमध्ये आलेल्या आवाजातून स्पीकरचा आवाज वजा करावा लागतो. आणि वजा करायचं तर स्पीकरला नेमकं काय दिलं होतं, त्याची एक नक्कल हाताशी लागते. ती नक्कल म्हणजेच आपलं रेकॉर्डिंग.

तो दस्तऐवज वाचल्यापासून या गोष्टीची कुळी शोधायचा नाद लागला, आणि माझं मत आता पक्कं झालंय: कॉम्प्युटरवर थेट प्रसारण उतरवण्याची कला आपण समजतो तशी रेडिओच्या घराण्यातली नाही. तिचं माहेर टेलिफोनचं आहे.

आधी प्रतिध्वनीचं पाहू. टेलिफोनच्या तारा घरापर्यंत दोन असतात, लांब पल्ल्यावर चार होतात. या दोन-चारच्या सांध्यावर थोडा आवाज मागे फिरतो. अंतर कमी असेल तर तो लगेच परत येतो आणि कळतही नाही. पण 1965 मध्ये ‘अर्ली बर्ड’ हा उपग्रह भूस्थिर कक्षेत गेला आणि फोनचं बोलणं जवळजवळ 36,000 किलोमीटर वर चढून खाली उतरू लागलं. शब्द पलीकडे पोचायला पाव सेकंद, त्याचा प्रतिध्वनी परत यायला आणखी पाव. अर्ध्या सेकंदाने आपलंच वाक्य कानावर आलं की भला माणूसही अडखळतो. त्याआधीचा उपाय होता एक बाजू बोलत असताना दुसरीचं तोंड दाबायचा. बेल लॅब्समध्ये जॉन केली आणि मनमोहन सोंधी यांनी वजाबाकीचा मार्ग धरला: जाणाऱ्या आवाजाची नक्कल ठेवा, तिच्यावरून प्रतिध्वनीचा अंदाज बांधा, तो परतीच्या आवाजातून काढून टाका आणि अंदाज चुकेल तसा सुधारत राहा. सोंधींचा यावरचा निबंध 1967 मध्ये बेलच्या तांत्रिक नियतकालिकात आला. हे सोंधी दिल्ली विद्यापीठात आणि बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. आज कोणी लूपबॅकने एखादी मैफल उतरवतो तेव्हा त्याच वजाबाकीसाठी राखलेली नक्कल तो पळवत असतो.

रूढ वंशावळ मला ठाऊक आहे. रेडिओ, मग स्पूलचा टेपरेकॉर्डर, 1963 ची फिलिप्सची कॅसेट, रेडिओ आणि टेप एकाच डब्यात, मग एमपी-थ्री, मग कॉम्प्युटर. बिनाका गीतमाला टेप करणाऱ्यांची पिढी हेच सांगेल, आणि हौसेपुरतं ते खरंही आहे. पण मी हौसेची नाही, यंत्राची कुळी सांगतोय. टेपरेकॉर्डरचा मूळपुरुष कोण? डेन्मार्कचा वाल्डेमार पौल्सेन. तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत कामाला होता. 1898 मध्ये त्याने पेटंट मागितलं ते पोलादी तारेवर चुंबकाने आवाज उतरवणाऱ्या ‘टेलिग्राफोन’चं, आणि डोळ्यांसमोर होता घरी कोणी नसताना आलेला टेलिफोन. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ योसेफ यांचा आवाज पकडला; ते रेकॉर्डिंग अजून शाबूत आहे. रेडिओवरून गाणी-भाषणं घरोघर जायला तेव्हा दोन दशकं अवकाश होता. थेट प्रसारणाचंही तेच. 1881 मध्ये पॅरिसच्या वीज-प्रदर्शनात क्लेमाँ आदेरने ऑपेराचं गाणं टेलिफोनच्या तारांवरून ऐकवलं, तेही दोन कानांना दोन वेगळ्या रिसिव्हरांतून. 1893 पासून बुडापेस्टमध्ये ‘टेलेफोन हिरमोंदो’ वर्गणीदारांना घरबसल्या बातम्या ऐकवू लागला. माणशी एक तार, मागेल त्याला आवाज: आजची स्ट्रीम अशीच तर चालते. आकाशात एकदा सोडून द्यायचं आणि हवं त्याने झेलायचं, ही रेडिओची रीत तिच्यात नाहीच.

इथवर बरेच जण माझ्याबरोबर येतात. खरा वाद साउंड कार्डावर आहे.

1992 च्या साउंड ब्लास्टर 16 ची एक गंमत जुन्या मंडळींना आठवत असेल. त्याच्या मिक्सर चिपमध्ये रेकॉर्डिंगसाठी माइक, सीडी, लाइन-इन आणि कार्डाचा स्वतःचा सिंथेसायझर निवडता येई. पण कॉम्प्युटर फाइलमधून जो आवाज वाजवतो तो त्या यादीत नव्हता. कार्ड आपली पेटी रेकॉर्ड करी, आपलं बोलणं नाही. इंटरनेटचा रेडिओ यायचा तो नेमका या बोलण्याच्या वाटेने. मग लोक स्पीकरच्या भोकातून वायर काढून लाइन-इनमध्ये खुपसत, किंवा सरळ कॅसेट डेकला जोडत.

हे बदललं ते इंटेलच्या एसी-97 या आराखड्याने. तो आला आणि आवाजाचं काम वेगळ्या कार्डावरून मदरबोर्डवरच्या स्वस्त चिपकडे गेलं. या आराखड्यात रेकॉर्डिंगसाठी आठ पर्याय ठरवून दिले होते: माइक, सीडी, व्हिडिओ, ऑक्स, लाइन-इन, स्टिरिओ मिक्स, मोनो मिक्स आणि फोन. सहावा तो स्टिरिओ मिक्स, म्हणजे कॉम्प्युटर जे जे वाजवतोय त्याची गोळाबेरीज. एका पिढीने त्याच्या जोरावर जगभरचे रेडिओ उतरवले.

तो पर्याय तिथे कशाला? कराओकेवाले सांगतात, गाणं आणि गायकाचा आवाज एकत्र पकडायला. हाय-फायवाले सांगतात, ॲम्प्लिफायरला मागे टेप-आउट असतो, त्याचीच ही नक्कल. दुसऱ्यांचा मुद्दा वजनदार आहे. टेप-आउट आवाजाच्या बटणाला जुमानत नाही, तसाच हाही. तरीही मी त्या यादीच्या शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. शेवटचा पर्याय फोन आहे. त्याच आराखड्यात माइकसाठी एक वेगळी, ऐच्छिक वाहिनी राखून ठेवली होती आणि तिचं प्रयोजन लिहिलं होतं स्पीकरफोनवरचा प्रतिध्वनी अधिक नेमकेपणाने काढणं. आणखी एक गोष्ट कराओकेवाले सांगत नाहीत: त्या आठ पर्यायांतून डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळी निवड करता येत होती. डावीकडे माइक, उजवीकडे मिक्स. गाणाऱ्याला याचा काय उपयोग? वजाबाकी करणाऱ्याला मात्र नेमकं हेच लागतं: एका हातात माइकचा आवाज, दुसऱ्यात स्पीकरची नक्कल. हा माझा तर्क आहे, पण तो मी सोडणार नाही.

वाजवता वाजवता रेकॉर्ड करणं, ही तरी मुळात कोणाची गरज? फेब्रुवारी 1995 मध्ये इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीचा ‘इंटरनेट फोन’ बाजारात आला, तेव्हा त्यावर वॉकीटॉकीसारखं आळीपाळीने बोलावं लागे, कारण घराघरांतल्या बहुतेक कार्डांना एका वेळी ऐकणं आणि बोलणं जमत नव्हतं. खेळ खेळणाऱ्याला त्याची गरज नव्हती, गाणी ऐकणाऱ्यालाही नव्हती. गरज होती फोनवाल्याला, आणि दुहेरी कार्डांचा खप वाढला तो त्याच्यामुळे, असं मी धरून चालतो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये रॉब ग्लेझरच्या प्रोग्रेसिव्ह नेटवर्क्सने रिअलऑडिओ आणला आणि 5 सप्टेंबरला सिॲटल मरिनर्स विरुद्ध न्यूयॉर्क यँकीज हा बेसबॉलचा सामना इंटरनेटवरून थेट ऐकवला. रेडिओवाल्यांचा हा हुकमी एक्का. पण आवाज कशात बांधून पाठवला होता ते बघा. रिअलऑडिओची पहिली, 14.4 च्या मोडेमसाठीची आवाजबांधणी अमेरिकी डिजिटल मोबाइल फोनच्या व्हीसेल्प पद्धतीची होती. पुढची, 28.8 ची, जी.728 या टेलिफोनी मानकाची. दोन्ही माणसाच्या बोलण्यासाठी रचलेल्या. घसा आणि ओठ यांचं गणिती प्रतिरूप त्यांच्या पोटात. म्हणून त्या काळी सतार ऐकली की कोणी नाकात बोलतंय असं वाटे. ज्याला सगळे इंटरनेटचा पहिला रेडिओ म्हणतात, तो फोनच्या भाषेत बोलत होता.

प्रतिपक्षाकडे एक खरोखर अवघड मुद्दा आहे, आणि तो स्ट्रीमबॉक्सचा. ‘स्ट्रीमबॉक्स व्हीसीआर’ हा प्रोग्राम साउंड कार्डाजवळ फिरकतच नसे. तो रिअलच्या सर्व्हरपुढे रिअलप्लेयर असल्याची बतावणी करी, दोघांतली गुप्त सलामी बिनचूक देई, नक्कल करू नका ही खूण दुर्लक्षी आणि येणारी फाइल जशीच्या तशी ठेवून घेई. रिअलनेटवर्क्सने (ग्लेझरच्याच कंपनीचं हे नवं नाव) खटला भरला. स्ट्रीमबॉक्सने 1984 च्या बेटामॅक्स निकालाचा आधार घेतला: घरी टीव्हीचा कार्यक्रम टेप करून नंतर बघणं गैर नाही, मग हे का? सिॲटलच्या न्यायालयाने जानेवारी 2000 मध्ये तो युक्तिवाद नाकारून त्या व्हीसीआरला मनाई केली. शाउटकास्टची इंटरनेट-रेडिओ स्टेशनं उतरवणारा स्ट्रीमरिपरही याच जातीचा. प्रवाहात मधूनमधून येणारी गाण्यांची नावं वाचून तो फाइलचे तुकडे पाडतो, आणि नाव उशिरा आलं की एका गाण्याची शेपटी दुसऱ्याला लावतो. यांत टेलिफोन कुठे, असं मला विचारतात. कुठेही नाही. पण यांत रेकॉर्डिंग तरी कुठे आहे? ही फाइलची उचल. आवाज आवाज म्हणून वाहत असताना पकडणं, हीच माझ्या कुळकथेची नायिका.

मग 2007 च्या जानेवारीत विंडोजची व्हिस्टा ही आवृत्ती घरोघर आली आणि लोकांच्या यादीतून स्टिरिओ मिक्स गायब झाला. तो मिटवला नव्हता, झाकला होता. उजवं क्लिक करून ‘बंद असलेली साधनं दाखवा’ म्हटलं की काही मशीनवर सापडे. लगेच बोलवा उठली की रेकॉर्ड कंपन्यांनी दाब आणला. मला हे पटत नाही. वासापी आली ती याच व्हिस्टाबरोबर, लूपबॅक पोटात घेऊन; चिपमध्ये स्टिरिओ मिक्स नसला तरी तो चालतो. पुढचं दार लावून मागचं सताड उघडं ठेवणारा दाब कसला? संरक्षित संगीत लूपबॅकला पकडू न देण्याची तजवीज मात्र त्या व्यवस्थेत आहे. कंपन्यांना मिळालं असेल तर एवढंच.

ॲपलवाल्यांना हे काहीच मिळालं नाही. मॅकवर असा आयता पर्याय नव्हता, म्हणून 2002 मध्ये रोग अमीबा कंपनीने ‘ऑडिओ हायजॅक’ नावाचा प्रोग्राम विकायला काढला, तो मात्र थेट रेकॉर्डिंगसाठीच. माझ्या सिद्धांताला हा अपवाद आहे.

लूपबॅकचा फोनपणा अजून एका ठिकाणी उघडा पडतो. कॉम्प्युटरवर कोणीच काही वाजवत नसेल तर लूपबॅक शांतता लिहीत नाही. काहीच देत नाही. प्रतिध्वनी काढणाऱ्याचं त्यात काही अडत नाही, कारण स्पीकर गप्प असेल तर वजा करायला काही उरतच नाही. रेकॉर्ड करणाऱ्याचं मात्र अडतं. नेट अडखळून प्लेयर थांबला की तेवढा वेळ फाइलमधून गळून जातो आणि घड्याळाशी हिशेब जुळत नाही. त्यावर हौशी लोकांचा तोडगा साधा आहे: एक संपूर्ण नि:शब्द फाइल बाजूला सतत वाजत ठेवायची.