आंब्याच्या गरातलं तापमान



हापूसच्या पेट्या वाशीच्या बाजारात जातात, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्याच वाशीत, नवी मुंबईत, राज्य कृषी पणन मंडळाचं निर्यात केंद्र आहे. तिथे आंब्याला चक्क वाफेत बसवतात. कारण फळमाशी. ती सालीखाली अंडी घालते. वरून फळ देखणं, आत अळी. याच भीतीने जपानने 1986 साली आपला आंबा बंद केला, तो उघडला 2006 साली. वीस वर्षं! अट अशी, की दमट गरम हवेत गराचं तापमान 47.5 अंशांवर न्यायचं आणि 20 मिनिटं तिथेच राखायचं. 2014 साली युरोपनेही दार लावलं होतं, ते पुढच्या वर्षी उघडलं.

आता बघा, तापमान कमी पडलं तर अळी जगते आणि एका पेटीपायी साऱ्या देशाचा आंबा अडकतो. जास्त झालं तर गर शिजतो. हे हाताने चाचपून कसं कळणार? म्हणून काही फळांच्या गरातच सुईसारखे सेन्सर खुपसतात.

या सुईमागचा इतिहास मोठा आहे. 1714 साली फॅरनहाइटने काचेच्या नळीत पारा भरून भरवशाचा तापमापक केला. पण तो वाचायला डोळा हवा आणि लिहून ठेवायला माणूस. 1871 साली सीमेन्सने दाखवलं, की प्लॅटिनमची तार तापली की विजेला होणारा तिचा अडथळा वाढतो, आणि त्यावरून तापमान मोजता येतं.

पुढे ट्रान्झिस्टर आला. त्याची एक खोड होती: अंशागणिक त्याचा विजेचा दाब सुमारे 2 मिलिव्होल्टने उतरतो. रेडिओ बनवणाऱ्यांना ती डोकेदुखी वाटे, पण काहींनी त्याच खोडीचा तापमापक केला. मला या इतिहासातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

अडचण एकच. मिलिव्होल्ट म्हणजे कुजबुज. लांब तारेत ती विरून जाते. शेताच्या पलीकडून ‘जरा गरम आहे’ असं ओरडलं तर वाऱ्यात ऐकू येत नाही, बोटं दाखवली तर आकडा नीट कळतो. तसंच मग मोजणारा आणि आकडा करणारा भाग एकाच चिपवर बसवला. डीएस18बी20 नावाचा तीन पायांचा सेन्सर असाच आहे. तो थेट आकडा सांगतो, आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असल्यामुळे एकाच तारेवर अनेक जोडता येतात. साधारण वापरात त्याची चूक अर्ध्या अंशाच्या आत असते. 2005 साली नेदरलँडमधल्या डेल्फ्ट विद्यापीठात पर्टाइस, माकिन्वा आणि हाउसिंग यांनी ती 0.1 अंशावर आणली, तीही उणे 55 पासून 125 अंशांपर्यंत.

पण आकडा लखलखीत दिसला म्हणून तो खरा असतोच असं नाही. एका घाण्यातल्या दोन चिपाही सारख्या नसतात; कारखान्यात प्रत्येकीला जुळवून घ्यावं लागतं. तुमच्या गटाकडे दुधासाठी किंवा आमरसासाठी दांडीचा डिजिटल तापमापक असेल, तर बर्फाचा चुरा थोड्या पाण्यात कालवा, नुसती दांडी त्यात बुडवा आणि दोन मिनिटं हलवत राहा. आकडा शून्याजवळ यायला हवा. दोन अंश वर किंवा खाली दाखवला, तर तो तापमापक बदलून घ्या.