१२७ रोपं

पुण्यात आई दर थंडीत कुंडीत स्नॅपड्रॅगन लावायची. फुलाचे दोन्ही गाल चिमटीत दाबले की ते ‘आ’ वासायचं. आम्ही भावंडं त्यावरून भांडायचो! उन्हाळा लागला की रोप वाळायचं. त्यामुळे हे एका हंगामाचं झाड, ही माझी पक्की समजूत. ती घेऊनच इंग्लंडला आले आणि सात वर्षं दर ऑक्टोबरात रोपं उपटत राहिले.

मग एका वर्षी बाबांच्या आजारपणामुळे घाईघाईने पुण्याला जावं लागलं. बाबा गेले. परत आले तेव्हा मार्च उजाडला होता आणि उपटायच्या राहिलेल्या रोपांच्या बुंध्याशी हिरवे कोंब होते...

पुस्तकं काढली. स्नॅपड्रॅगन मूळचा नैऋत्य युरोपातला, खडकांच्या आणि जुन्या भिंतींच्या फटींत वाढणारा, चक्क बहुवर्षायू! पुढच्या वर्षी फुलं कमी आणि तांबेरा जास्त, म्हणून बागवाले त्याला एका वर्षात काढतात, इतकंच.

तिथेच डार्विन भेटला. त्याने नेहमीचा जबड्याचा स्नॅपड्रॅगन आणि सगळ्या पाकळ्या सारख्या असलेला, नळीसारख्या फुलाचा एक विचित्र प्रकार यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळी फुलं जबड्याची. त्यांच्या बियांपासून १२७ रोपं झाली: ८८ जबड्याची, ३७ नळीची, २ अधलीमधली. हे आकडे त्याने १८६८च्या पुस्तकात छापले. मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध १८६६ मध्येच प्रसिद्ध झाला होता, आणि तीनास एक हे प्रमाण त्यात होतं. डार्विनचे आकडे त्याच्याच आसपासचे! पण मधली एक पिढी दबून राहिल्याने तो गुण बळावला असावा, असा तर्क करून तो पुढे गेला. १८८२ मध्ये तो वारला; मेंडेलचं महत्त्व जगाला कळलं १९०० मध्ये.

डार्विनला हसवत नाही. जिवंत मुळं सात वर्षं मीही कचऱ्यात टाकत होतेच की.

आता बहर ओसरला की रोपं वीतभर ठेवून छाटते, पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घालते, मुळाशी ते साचू देत नाही. नवं बी पेरलं तर मातीने झाकत नाही. त्याला उजेड लागतो.

असो. ती रोपं यंदा तिसऱ्यांदा फुललीत. दादा, आईला फोटो दाखव.