शंभरातली ८२ मुले गेली कुठे?

१२ मार्च १९२७. मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा सुरू होती. बाबासाहेबांनी आकडा मांडला : शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत १८ पोहोचतात, ८२ पुन्हा निरक्षर होतात. किती आली एवढेच मोजू नका, किती टिकली ते मोजा, हाच त्याचा अर्थ.

त्याआधी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाकडे बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले होते. संविधानाच्या कलम ४५ ने दहा वर्षांत चौदापर्यंतचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करायला सांगितले. हक्काचा कायदा आला २००९ मध्ये, आणि तोही चौदालाच थांबला. म्हणून गळती संपली नाही, चौथीवरून नववी-दहावीवर सरकली.

आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात हे रोज दिसते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातली माणसे इकडे आणली. ज्याला कायम नोकरी लागली, त्याच्या घरी शाळेची फी आणि धीर दोन्ही होते. आज बाप ठेकेदाराकडे, आई शिफ्टला. ब्रेक मिळाला की भाडे थकते आणि मुलगा वर्कशॉपला लागतो. २०१६ च्या दुरुस्तीने १४ ते १८ वयाला फक्त धोकादायक कामे बंद केली, बाकीची मोकळीच ठेवली.

मुलीचे वेगळे. धाकटी भावंडे तिच्याकडेच. त्यात ती एखाद्या मुलाशी बोलताना दिसली की दप्तर बंद, स्थळ सुरू. तो मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी वर्गात असतो. मग लोक म्हणतात, प्रेमप्रकरणापायी शाळा सुटली. आम्ही म्हणतो, सुटली नाही, सोडवली. आणि हे निळ्या झेंड्याखालच्या घरांतही घडते. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी लग्नाची घाई करू नका असे बजावले होते. ते आपल्यालाच सांगितले होते.

शिक्षणाचा हक्क अठरापर्यंत न्या, ही मागणी सरकारकडे करूच. पण १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हा सरकारची वाट पाहिली नव्हती. विहारात संध्याकाळची अभ्यासिका आपण आजही चालवू शकतो.

२५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली. त्या दिवशी आपण दरवर्षी तिथे जातो. यंदा जाताना आपापल्या वस्तीतल्या दहावीआधी शाळा सुटलेल्या मुलामुलींची यादी करून न्या. बाबासाहेबांनी मोजले होते. आता आपण मोजू.

जय भीम!