११ मार्च : एका विद्यार्थिनीचे आयुष्य आणि दोन आश्रम

१/
११ मार्च १८८९. मुंबईत चौपाटीजवळ पंडिता रमाबाईंनी ‘शारदासदन’ ही उच्चवर्णीय विधवांसाठीची निवासी शाळा उघडली. तेथे आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीचे नाव गोदूबाई नातू. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, याच गोदूबाईंचा पुण्यात धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्याच वर्षी शारदासदनावर असे वादळ आले की संस्था मोडते की काय, अशी वेळ आली. आजचा धागा त्या वादाविषयी आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या दोन आश्रमांविषयी.

२/
आधी रमाबाईंविषयी. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने मुलीला. तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत हे कुटुंब हिंदुस्थानभर पायी फिरले. १८७०च्या दशकातील दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

३/
१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या आरंभी पती कॉलऱ्याने गेले. विधवेच्या प्रश्नाविषयी रमाबाई पुढे जे बोलल्या, त्याला स्वानुभवाचा आधार होता, हे विसरू नये.

४/
१८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका व स्त्री-वैद्यांची मागणी केली. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. ज्या पुण्याने त्यांना डोक्यावर घेतले होते, त्याच पुण्याला हा मोठा धक्का होता.

५/
येथे एक गोष्ट नजरेआड होते. रमाबाई चर्चपुढेही निमूट झाल्या नाहीत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे धर्मतत्त्वांवरून दीर्घ पत्रयुद्ध चालले. त्यांना दिलेल्या क्रूसावरील अक्षरे लॅटिनमध्ये होती. लॅटिन ही संस्कृतपेक्षा अधिक पवित्र कशी, असा त्यांचा प्रश्न होता. धर्म बदलला तरी स्वतःची बुद्धी आणि स्वतःची भाषा दुसऱ्याच्या स्वाधीन करावी, हे त्यांना मान्य नव्हते.

६/
१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली, पैसा उभा केला. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले. अट अशी, की शाळेत कोणत्याही धर्माची शिकवण सक्तीने दिली जाणार नाही. या अटीवरच न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हिंदू सुधारक सल्लागार मंडळावर आले.

७/
१८९० मध्ये सदन पुण्यास आले. रमाबाई मुलींना धर्मोपदेश करीत नसत. परंतु त्या रोज स्वतःची प्रार्थना करीत आणि त्या वेळी खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. वाद पेटला तो या उघड्या दारावरून.

८/
दोन्ही बाजू नीट समजून घ्याव्यात. टीकाकारांचे म्हणणे : ज्या मुलींना माहेर नाही, सासर नाही, ज्यांना दोन घास आणि अक्षरओळख याच बाईंकडून मिळते, त्यांच्या बाबतीत ‘आपण होऊन’ या शब्दांना अर्थ किती? रमाबाईंचे म्हणणे : मी कोणाला बोलावीत नाही, परंतु माझ्याच घरात मी देवाची प्रार्थना दार लावून, लपून का करावी? हिंदू मुलींना त्यांच्या पूजाअर्चेची मोकळीक असेल, तर तीच मोकळीक मला का नसावी?

९/
‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. ती अपेक्षितच होती. खरा घाव बसला तो १८९३ मध्ये, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले तेव्हा. हे दोघे स्त्रीशिक्षणाचे शत्रू नव्हते. विश्वासाने पाठविलेल्या मुलींविषयी समाजाला दिलेला शब्द पाळला जात नाही, असे त्यांना वाटले. वीसहून अधिक मुली पालकांनी काढून नेल्या. त्यांतील कित्येकींचे शिक्षण तेथेच थांबले असेल. या वादाची किंमत त्यांनी मोजली, आणि त्यांचे मत कोणी विचारल्याची नोंद सहसा आढळत नाही.

१०/
गोदूबाई तोवर ‘आनंदीबाई कर्वे’ झाल्या होत्या. पुनर्विवाहामुळे कर्व्यांच्या मुरूड गावाने या दांपत्यावर बहिष्कार घातला. कर्वे तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. विधवांना शिक्षण हवे, परंतु शारदासदनावरील हिंदू पालकांचा विश्वास उडालेला, हा पेच त्यांच्यासमोर होता. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला. १९०० मध्ये तो हिंगण्यास गेला. आनंदीबाईंची धाकटी बहीण, विधवा पार्वतीबाई आठवले, पुढे याच आश्रमासाठी निधी जमविण्याकरिता अमेरिकेपर्यंत गेल्या.

११/
इकडे रमाबाईंच्या कार्याने वेगळे वळण घेतले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. स्वतःचे आईवडील दुष्काळात गमावलेल्या स्त्रीला त्या चेहऱ्यांत काय दिसले असेल, हे वेगळे सांगायला नको. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केडगावच्या शेतात तात्पुरत्या निवाऱ्यांत वस्ती झाली. हेच ‘मुक्तिसदन’. या धामधुमीतही सरकारी प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या हालांविषयी त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून अधिकाऱ्यांना धारेवर धरले.

१२/
१९०० च्या दुष्काळानंतर केडगावची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. शेती, दूधदुभते, विणकाम, तेलाचे घाणे, छापखाना ही सारी कामे स्त्रियांच्या हाती होती. मनोरमाबाईंनी अंध स्त्रियांना ब्रेल शिकविले. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले आणि ते केडगावच्याच छापखान्यात छापले गेले.

१३/
मात्र केडगावात तटस्थतेचे वचन उरले नव्हते. हा उघडपणे ख्रिस्ती आश्रम होता आणि येथील बहुसंख्य मुली ख्रिस्ती झाल्या. म्हणजे १८९३ मधील प्रश्न येथे सुटला नाही, उलट अधिक तीव्र झाला. उपासमारीतून वाचविलेल्या मुलीच्या निवडीत निवड किती आणि उपकाराचे ओझे किती? आणि याबरोबरच दुसरा प्रश्नही विचारावा लागतो : त्या मुली रस्त्यावर मरत असताना त्यांना उचलून आणणारे हात किती होते?

१४/
मनोरमाबाई १९२१ मध्ये गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापिले, १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. महाराष्ट्राने कर्व्यांना ‘महर्षी’ म्हटले. रमाबाईंचे नाव मात्र दीर्घकाळ दबक्या आवाजातच घेतले गेले.

१५/
इतिहास वाचताना आपण बाजू निवडायला उतावीळ असतो. अशा वेळी आनंदीबाईंकडे पाहावे. त्या शारदासदनात शिकल्या, हिंदू राहिल्या, आणि हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी मागत फिरल्या. वृद्धापकाळी त्यांनी ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र सांगितले. ते जरूर मिळवून वाचा. या वादात पुरुषांची आणि पुढाऱ्यांची पत्रे पुष्कळ सापडतात. ज्यांच्यासाठी हा सारा वाद झाला, त्यांच्यातील एकीचा आवाज मात्र तेथे ऐकू येतो.