वायव्येचा वारा

वर्धा आणि पैनगंगा यांच्या मध्यें वसलेल्या यवतमाळ जिल्ह्यांत नाव माहीत असते ती नदीपुरती. नावाड्याच्या दंडांत बळ असलें कीं पैलतीर गांठतां येतो. समुद्रावर शिडाच्या गलबताला मात्र वाऱ्याचा हुकूम पाळावा लागतो. खुद्द शिवाजी महाराजांनाही तो एकदां पाळावा लागला.

फेब्रुवारी १६६५ मध्यें महाराज मालवणाहून आरमारासह निघाले. सिंधुदुर्गाचें बांधकाम तेव्हां नुकतेंच सुरू झालें होतें. बरोबर ८५ गलबतें आणि तीन डोलकाठ्यांचीं ३ मोठीं जहाजें होतीं. दक्षिणेकडील बसरूर हें संपन्न बंदर अचानक गांठून त्यांनीं मोठी लूट मिळविली. त्या ऋतूंत किनाऱ्यावर वायव्येचा वारा वाहतो. दक्षिणेस जाणाऱ्याला तो साह्य करतो आणि उत्तरेस परतणाऱ्याची वाट अडवितो.

अशा परतीचा दिवस कष्टाचा असे. पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा शिडांत घेऊन कांहीं कोस सरकावें. दुपारीं वायव्येचा वारा उठला कीं एकदां खोल समुद्राकडे, एकदां किनाऱ्याकडे अशी नागमोडी वाट कापावी. वारा फारच चढला तर शीड उतरवून आडोशाला नांगर टाकावा. नाहींतर सकाळीं मिळविलेले कोस सायंकाळपर्यंत गमवावे.

ग्रँट डफ आपल्या १८२६ सालच्या इतिहासांत सांगतो कीं, सोसाट्याच्या वाऱ्यानें महाराजांना किनाऱ्यानें खालीं लोटलें आणि वायव्येच्या वाऱ्यांमुळें त्यांना बरेच दिवस परततां आलें नाहीं. त्याच सुमारास मिर्झा राजा जयसिंग मोगली फौज घेऊन दक्षिणेंत उतरला होता. ३ मार्च रोजीं तो पुण्यास पोहोंचला. महिनाअखेर पुरंदरास वेढा पडला. जूनमध्यें २३ किल्ले देऊन तह करावा लागला. हा तह वाऱ्यानें घडविला असें म्हणतां येणार नाहीं. मोगलांचें बळच मोठें होतें. परंतु शत्रु जमिनीवरून चालून येत असतां राजानें समुद्रावर खोळंबून राहणें किती धोक्याचें, हें त्या दिवसांनीं दाखविलें.

महाराज स्वतः पुन्हां आरमारी मोहिमेवर गेले नाहींत. आरमार मात्र त्यांनीं वाढवीतच नेलें. १६७९ सालीं खांदेरीवर मायनाक भंडारी आणि दौलतखान इंग्रजांशीं झुंजले. तेथें वाऱ्यावर अवलंबून असलेलीं इंग्रजांचीं मोठीं जहाजें खोळंबत, आणि मराठ्यांच्या लहान होड्या वल्हीं मारीत बेटावर रसद पोहोंचवीत.